सही अभियंत्याची, निर्णय कोणाचा?

मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजी कोसळला. १३५ जणांचा बळी गेला. योग्यता प्रमाणपत्राविनाच तो खुला झाल्याचे पालिका अधिकाऱ्यांनीच तेव्हा सांगितले. अशा वेळी ‘नाही’ म्हणण्याचे बळ पालिकेच्या मधल्या फळीतील अभियंत्याकडे असते काय? ७४व्या घटनादुरुस्तीने रस्ते व पूल बाराव्या अनुसूचीत घातले. त्याची बदली मात्र अनेक ठिकाणी राज्य शासनाच्याच हाती राहिली. डलहौसीने १८५४ साली उभारलेल्या बांधकाम खात्याचा वारसा असलेल्या मोजमाप पुस्तिकेवर तो सही करतो, देयक त्यावर निघते. निविदा मंजूर करणारे (हे सोयीस्करपणे विसरले जाते) वेगळेच असतात. त्याचा लेखी आक्षेप सर्वसाधारण सभेपुढे ठेवणे कायद्याने बंधनकारक करावे, आणि त्यानंतर तीन वर्षे त्याची बदली करू नये.