माळ्यावरची लक्ष्मी आणि भिंतीतल्या टाइल्स

भिवंडीच्या एका भगिनी विचारतात, ‘‘आमचे जुने घर पाडून तिथे इमारत होणार आहे. माळ्यावर आजेसासूबाईंच्या वेळची, जर आणि टिकल्या लावलेली लक्ष्मीची तसबीर आहे. देवघराच्या भिंतीत देवांची चित्रे असलेल्या चिनी मातीच्या टाइल्स आहेत. घरातले म्हणतात, भंगारात जाऊ दे. काय करू?’’

भगिनींनो, अशी वस्तू नीट पाहिल्याशिवाय मुळीच देऊ नका! जिला आपण अडगळ म्हणतो, ती बहुधा राजा रविवर्मा यांची घरी आलेली खूण असते.

रविवर्मा (१८४८–१९०६) यांची तैलचित्रे राजवाड्यांत लागायची. पण १८९४ साली त्यांनी मुंबईत गिरगावात छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती तुमच्याआमच्या घरी आल्या. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगासाठी वेगळा दगड, अशी ती छपाई. १९७२ च्या आगीत तिथले बरेच काही नष्ट झाले. म्हणून घरोघरी उरलेल्या प्रतींना आज मोल आहे.

आणि टाइल्स? १९२०-३० च्या सुमारास जपानी कारखाने खास आपल्याकडच्या गिऱ्हाइकांसाठी देवादिकांच्या उठावदार रंगीत टाइल्स करीत. त्यांतल्या कित्येकींवरची चित्रे रविवर्म्यांच्या छापील चित्रांवरूनच घेतलेली. त्यांनी स्वतः त्या घडवल्या नाहीत, हे मात्र लक्षात असू द्या. कोणी तसे सांगून विकू लागला तर फसू नका.

मग ओळखायचे कसे? तसबिरीच्या खालच्या कडेला छापखान्याचे नाव आहे का ते पाहा. भिंग लावा. जुन्या दगडी छपाईत रंगाचे ठिपके ओबडधोबड, वाळूसारखे दिसतात. ते अगदी एकसारखे, ओळीत बसवल्यासारखे असले तर नक्कल नंतरची समजा. टाइलच्या पाठीवर ‘मेड इन जपान’ अशी उठावातली अक्षरे सापडू शकतात.

टाइल्स काढायच्या त्या घर पाडण्याआधी. टाइलवर घाव घालू नका. भोवतीचा गिलावा छिन्नीने हळूहळू सोडवा आणि मागचा थर टाइलसकट निघू द्या. तो मागाहून सावकाश काढता येतो. मऊ ओल्या फडक्याने पुसा. फरशी धुण्याचे अॅसिड चुकूनही नको, झिलई जाते. एकेक टाइल कागदात गुंडाळून उभी ठेवा.

तसबिरीला पाणी लावू नका. आपल्या भिवंडीत कापसाची तूस आणि पावसाळ्यातली ओल, दोन्ही कागदाचे वैरी. बाहेरच्या भिंतीवर किंवा उन्हात टांगू नका. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये पुठ्ठ्याची पट्टी घालून घ्या. फाटले असेल तर चिकटपट्टी किंवा डिंक लावण्याच्या फंदात पडू नका.

आणि हो, ती जर उसवू नका! ‘मूळ चित्र मोकळे करून देतो’ म्हणणारे भेटतील. छापलेली लक्ष्मी हजारो घरांत सारखीच होती. तिला जरीचा पदर आणि टिकल्यांचे दागिने कुणी चढवले? दुपारची कामे आटोपून बसलेल्या घरच्या बायकांनी. चित्रकाराचे नाव सगळ्यांना ठाऊक, त्यांचे कुणालाच नाही. आजेसासूबाईंचे नाव, गाव आणि आठवत असेल ते साल एका कागदावर लिहून चौकटीच्या मागे लावून ठेवा. घरात कुणी जुने माणूस असेल तर आजच विचारा.

शेवटची गोष्ट व्यवहाराची. पाडकामाचा करार करताना मलबा बहुतेक ठेकेदाराच्या वाट्याला जातो. सही होण्याआधीच टाइल्स, तसबिरी, कोरीव दारे, जे जे ठेवायचे ते यादी करून करारात लिहून घ्या. ‘त्यातले तुला काय कळते?’ असे कुणी म्हणाले तर हा अंक पुढे करा. यादी मात्र तुमच्याच हाताने करा, कारण कोणत्या कोनाड्यात काय आहे ते घरात तुम्हालाच ठाऊक असते.