महाडच्या तळ्यावरचे मानववंशशास्त्र

समाजाचा अभ्यास करणाऱ्याने सार्वजनिक वादात उतरावे का, हा प्रश्न मानववंशशास्त्रात अजून विचारला जातो. त्याचे उत्तर महाडने १९२७ मध्येच दिले आहे. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, भारतातील जातींवर निबंध वाचला. विटाळ हा जातीचा गाभा नव्हे, जातीतच लग्न करण्याचे बंधन हा गाभा, असा त्यांचा सिद्धान्त होता. मार्च १९२७ मध्ये अस्पृश्यांना बंद असलेल्या महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर तिथल्याच डिसेंबरच्या परिषदेत त्यांनी हेच सांगितले: पाणी मिळाले, रोटीबंदी गेली, तरी बेटीबंदी असेतो अस्पृश्यतेचे मूळ शाबूत राहील. न्यूयॉर्कच्या विद्वानांपुढचा विचार आता, ज्यांच्या जगण्याविषयी तो होता, त्यांच्याच हाती आला होता.

चळवळीत पडले की अभ्यास एकांगी होतो, हा आक्षेप गंभीर आहे. पण चर्चासत्रात निबंध फार तर खोडला जातो. सार्वजनिक वादात कसोटी त्याहून कडक असते: महाडमध्ये विरोधक कोर्टात गेले. तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव ही अनादी काळापासूनची रूढी आहे, असा त्यांचा दावा. ती खरोखर तशी आहे का, हे पुराव्याने तपासले गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दावा सिद्ध होत नाही असा निकाल दिला. ‘रूढी’ म्हणून पुढे केलेली गोष्ट केव्हापासूनची, कोणाच्या सोयीची, हाच तर मानववंशशास्त्राचा प्रश्न. आंबेडकर पेशाने मानववंशशास्त्रज्ञ नव्हते, असे कोणी म्हणेल. मग इरावती कर्वे पाहाव्यात. डेक्कन कॉलेजच्या या प्राध्यापिकेने जाई निंबकरांसह कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणी केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिने कर्वे यांच्या संशोधनाचा दर्जा तसूभरही खालावला नाही.

आज रायगड जिल्ह्यातल्या महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत अशा अभ्यासाची निकड आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाडमधल्या तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही बळी गेले. डोंगर का खचला हे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतील. मात्र वाडी हलवताना भावकी कुठे बसवायची, गुरांचे आणि वरकस जमिनीचे काय, मुंबईला गेलेल्या चाकरमान्याचा घरावर हक्क कसा धरायचा, हे गावात राहून विचारल्याशिवाय कळत नाही. बाहेरच्या अभ्यासकाने गावाच्या वतीने बोलावे, असे इथे सुचवायचे नाही. वाडीतल्या बायकांचे म्हणणेही कागदावर यावे आणि तो कागद आधी ग्रामसभेत मराठीत वाचला जावा. पुणे आणि मुंबईच्या विद्यापीठांनी आपले विद्यार्थी या कामासाठी पाठवावेत, आणि पुनर्वसनाचे आराखडे पक्के होण्याआधी जिल्हा प्रशासनाने त्यांचे अहवाल मागवावेत.