परतफेड आणि परतणं

युरोप-अमेरिकेतला उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा. तिकडच्या विद्यापीठात दोन महिन्यांचा अभ्यासक्रम करून, चार शहरं पाहून मुलं ऑगस्टात परततात, तेव्हा आमच्या अलिबाग-मुरुडकडे भात गुडघाभर वाढलेलं असतं आणि कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेची लगबग असते. परतलेल्याचं कौतुक चार दिवस होतं. चॉकलेटं वाटली जातात, फोटो पाहिले जातात. पाचव्या दिवशी ‘तिकडे असं नसतं’ हे पालुपद सुरू होतं. बाप वैतागून म्हणतो, “मग तिकडेच राहायचं होतंस!” आणि संवाद संपतो.

मी बँकेत होतो तेव्हाची गोष्ट. 2001 साली शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली आणि परदेशी शिक्षणासाठी 15 लाखांपर्यंत कर्ज मिळण्याची सोय झाली. नारळी-पोफळीची वाडी तारण ठेवायला आलेले बाप मी पाहिले आहेत. अर्जात फी, प्रवास, राहण्याचा खर्च, परतफेड अशा सगळ्याला रकाना असे. परतफेडीची काळजी बँकेला होती, बापालाही होती. परतण्याचा विचार मात्र कुणी फारसा केलेला नसे.

परतणं म्हणजे गावात मुक्काम ठोकणं, असं मी म्हणत नाही. आमच्या पेशात ज्यांचं नाव आदराने घेतात ते चिंतामणराव देशमुख याच जिल्ह्यातले. जन्म 1896 साली, महाडजवळच्या नाते गावी. केंब्रिजला शिकले, 1918 साली आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले आले. मायदेशी आले तरी नोकरीने त्यांना नेलं मध्य प्रांत-वऱ्हाडात. 1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. 1952 साली लोकसभेवर निवडून गेले ते मात्र कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून. आणि 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. ‘मेघदूता’चा मराठी अनुवादही याच माणसाने केला. माणूस कुठे राहतो यापेक्षा त्याचं शिक्षण कुणाच्या कामी येतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

प्रवासाचा खरा लाभ म्हणजे नजर. परक्या गावात आपण सगळं निरखून पाहतो. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी आमच्या चौल बंदरात उतरला. लोकांचे पेहराव, खाणंपिणं, बाजार सगळं त्याने लिहून ठेवलं. जुन्नरला तो पावसाळ्यात अडकला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, हेही त्याने नोंदवलं. घरी तो पोचलाच नाही, परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कजवळ वारला. त्याची टिपणं मात्र पोचली. आपल्याला रोजचं म्हणून न दिसलेलं चौल त्या परक्याला दिसलं.

आपल्या मुलांना तिकडे हीच नजर लाभते. दुर्दैव असं की, विमानातून उतरताना ती सामानासोबत कपाटात जाते. हॉलंडमधले समुद्राला थोपवणारे बांध कौतुकाने पाहून आलेल्या मुलीने धरमतर खाडीकाठची खारबंदिस्ती पाहिलेली नसते. बांध कुणी घातले, उघाडी कशी चालते, ती कोण राखतं, हे तिला ठाऊक नसतं. उधाणाने बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की उभं भात जातं आणि जमीन पुढची काही वर्षं नीट पिकत नाही. हा प्रश्न तिच्या आजोळच्या जेवणाच्या ताटातला आहे.

तिने तिकडे लिहिलेली वही इथेही उघडावी. एका रविवारी एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्यासोबत बांधावरून चालून यावं. इथले लोक मागासलेले, असा निकाल द्यायची घाई करू नये. भरती-ओहोटीचा हिशेब त्या म्हाताऱ्याच्या बोटांवर असतो.

घरच्यांचंही एक काम आहे. ‘तिकडे असं नसतं’ या वाक्याचा राग मानू नये. उलट, मुलांना जवळ बसवून विचारावं, “मग तिकडे कसं असतं? आणि आपल्याकडे ते का होत नाही?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कदाचित दोघांनाही येणार नाही. ते शोधायला दोघांनी मिळून घराबाहेर पडावं.