पुष्पगुच्छ नको, छप्पर द्या

परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळविणाऱ्या आपल्या मुलामुलींचे आपण सत्कार करतो, पुष्पगुच्छ देतो, छायाचित्रे स्मरणिकेत छापतो. परंतु हा विद्यार्थी विमानातून उतरल्यावर पहिली रात्र कोठे काढणार, हा प्रश्न आपल्या सभांतून क्वचितच विचारला जातो. पूर्वतयारी म्हणजे लोकरीचे कपडे आणि मसाल्याच्या पुड्या, अशी आपली समजूत झाली आहे काय?

आयर्लंडच्या नैऋत्येस केरी परगण्यातील ट्रलीचेच उदाहरण घ्या. तेथील तंत्रशिक्षण संस्था आणि कॉर्कची संस्था एकत्र येऊन १ जानेवारी २०२१ रोजी मन्स्टर तंत्रज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. भारत सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती जागतिक क्रमवारीतील पहिल्या ५०० संस्थांपुरतीच आहे; त्यामुळे ट्रलीस येणारा आपला विद्यार्थी बहुधा कर्ज काढूनच येतो. शिक्षणशुल्काखेरीज वर्षाच्या निर्वाहासाठी १०,००० युरो दाखवावे लागतात, येथे आल्यावर नोंदणीचे ३०० युरो निराळे. सत्र चालू असताना काम करण्याची मुभा आठवड्यास अवघी २० तास. ‘तिकडे काम करून कर्ज सहज फिटेल’ असे आईबापांना सांगणारा दलाल हा हिशेब मांडत नाही.

राहिला घराचा प्रश्न. आयर्लंडमध्ये घरांची तीव्र टंचाई आहे. ऑगस्ट २०२१ पासून घरमालकास एका महिन्याची अनामत व एका महिन्याचे आगाऊ भाडे यांहून अधिक रकमेची सक्ती करता येत नाही. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी खोली न पाहताच पैसे पाठवितो आणि फसतो. आणि देशबांधवांच्या सामायिक घरात जागा मागताना आधी आडनाव विचारले जाते, हा अनुभव आपल्याला नवा आहे काय?

१९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहावयास जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. विद्या होती, छप्पर नव्हते. ‘आम्ही आलो तेव्हा आम्हाला कोणी मदत केली?’ असे म्हणणाऱ्यांनी हेही स्मरावे, की अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले, ते स्वतःच्या बचतीबरोबरच शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन. आधार घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आधार देण्यात आपल्याला का वाटावा?

म्हणून मागणी साधी आहे. सत्काराचा खर्च वाचवून अनामतीसाठी बिनव्याजी निधी उभारा. ज्यांच्या घरी एक खोली रिकामी आहे, त्यांनी नवागतास पहिला महिना ती द्यावी. पैसे पाठविण्यापूर्वी घर प्रत्यक्ष पाहून येईल आणि भाडेकरार वाचून देईल, असा एक माणूस प्रत्येक गावी नेमा. एवढे करता येत नसेल, तर व्यासपीठावरून ‘शिका’ म्हणण्याचा अधिकार आपण गमावला आहे.