संवादांची तालीम

1956 साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. तेथील मोहगावसारख्या गावी घरात मराठी आणि शाळा-कचेरीत मुख्यतः हिंदी, अशी स्थिती आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या जुन्या घरांना ती नवी नाही. आपली मुले हिंदी बोलू लागली ती व्याकरण घोकून नव्हे. बाजारात आणि चित्रपटगृहात ऐकून. इंग्रजी मात्र आपण अजून डोळ्यांनीच शिकवतो. परिणाम असा की, निबंध बिनचूक लिहिणारा मुलगा नोकरीच्या मुलाखतीत दोन वाक्ये बोलताना अडखळतो आणि त्याची हुशारी झाकलेलीच राहते.

गौरी शिंदे यांच्या 2012 सालच्या ‘इंग्लिश विंग्लिश’ या चित्रपटातील शशी गोडबोले ही मराठी गृहिणी न्यूयॉर्कला इंग्रजीच्या वर्गास जाते आणि रात्री घरी इंग्रजी चित्रपट पाहते. ही नुसती करमणूक नव्हे, तालीम आहे.

गाणे शिकलेल्यास हे पटवून द्यावयास नको. आमच्या घरी गाणे दरबारी परंपरेचे. वडिलांनी आम्हांस स्वरलिपी पुष्कळ उशिरा दाखविली, आधी कान तयार केला. मराठीत आपण अक्षरांना जवळजवळ सारखा वेळ देतो. इंग्रजीची लय आघातावर चालते. आघाताचे अक्षर ठळक, मधली आखूड आणि पुसट. ‘प्रेझेंट’ या शब्दात आघात आरंभी असेल तर अर्थ भेट, शेवटी असेल तर सादर करणे. लिहिताना दोन्ही एकच! हा भेद कानानेच कळावा लागतो.

मात्र अख्खा चित्रपट दाखविला की इंग्रजी आले, हा भ्रम होय. मैफली ऐकून कोणी गवई होत नाही. एका प्रसंगाची 2 मिनिटे घ्यावीत. प्रथम डोळे मिटून ऐकवावे, मग संवाद लिहून द्यावा, वाक्यागणिक म्हणवून घ्यावा आणि भूमिका वाटून द्याव्यात. शेवटी प्रसंग तोच ठेवून शब्द मुलांचे असू द्यावेत. ही शेवटची पायरी गाळू नये. गुरूची बंदिश हुबेहूब म्हणणे ही नक्कलच. स्वतःचा आलाप सुचू लागला म्हणजे विद्या आली. शिवाय पडद्यावरची भाषा लेखकाने घासूनपुसून दिलेली असते. प्रत्यक्षात माणसे अडखळतात, वाक्य अर्धे सोडतात, हेही मुलांना सांगावे. परदेशी हेल उचलण्याचे कारण नाही. स्पष्ट उच्चार आणि योग्य जागी आघात, एवढे पुरे.

याला यंत्रसामग्री फारशी लागत नाही. एक मोबाईल आणि एक ध्वनिवर्धक पुरतो. लागतो तो चूक ऐकणारा आणि न हसता सुधारणारा माणूस. आपल्या कित्येक घरांत इंग्रजी दोन-तीन पिढ्या नांदते आहे. त्यांतील निवृत्त मंडळींनी उन्हाळ्याच्या सुटीतले पंधरा दिवस मोहगावकडच्या मुलांना द्यावेत. विद्या कोठीत ठेवण्याचे दिवस गेले.