डॉलरची उचल आणि नगरचा कोयता

देशावर परदेशी कर्ज किती, असा प्रश्न निघाला की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर सरकार उभे राहते. जागतिक बँक, नाणेनिधी आणि दिल्लीचे अर्थमंत्री. हे चित्र आता जुने झाले. मार्च २०२५ अखेर भारताचे परदेशी कर्ज ७३६.३ अब्ज डॉलर होते. त्यात सरकारचा वाटा २२.९ टक्के, तर बिगर-वित्तीय कंपन्यांचा ३५.५ टक्के. यातले पुष्कळसे कर्ज ‘बाह्य व्यावसायिक कर्ज’ या वाटेने येते. देणारी बँक लंडन, सिंगापूर किंवा टोकियोची, घेणारी कंपनी इथली. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली रिझर्व्ह बँक त्याचे नियम ठरवते.

आमचा वाचक विचारील, पाथर्डी-शेवगावकडून कोयत्यावर जाणाऱ्या माणसाला याच्याशी काय देणेघेणे? देणे आहे, घेणे नाही.

परदेशातून कर्ज घेणाऱ्यांत केवळ कारखानदार नाहीत. ज्यांना बँकेचा परवाना नाही, पण ज्यांचा धंदा कर्ज वाटण्याचाच आहे, अशा वित्त कंपन्याही आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने या कंपन्यांना कर्ज देणे इथल्या बँकांसाठी महाग केले, तेव्हा अनेक कंपन्यांनी परदेशी बँकांचे दार ठोठावले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्बंध मागे घेण्याचे जाहीर झाले; पण वाट एकदा रुळली ती रुळलीच. या कंपन्यांतल्या काही आपल्या वस्त्यांत बायकांचे गट करून कर्ज वाटतात.

ऊसतोड कामगाराला ही साखळी समजावून सांगावी लागत नाही. कारखाना मुकादमाला पैसे देतो, मुकादम कोयत्याला उचल देतो. मध्ये काहीही बिनसले तरी फिटेपर्यंत राबायचे कोयत्यानेच. कारखान्याच्या जागी परदेशी बँक आणि मुकादमाच्या जागी वित्त कंपनी ठेवा, हिशेब तोच.

यात भर रुपयाच्या घसरणीची. २००७ च्या अखेरीस डॉलर चाळीस रुपयांच्या आत होता. २००९ च्या मार्चपर्यंत तो पन्नाशी ओलांडून गेला. ऑगस्ट २०१३ मध्ये ६८ च्या वर आणि डिसेंबर २०२५ मध्ये नव्वदीपार. डॉलरमध्ये घेतलेले कर्ज फेडताना रुपये जास्त मोजावे लागतात, आणि त्यापासून बचाव करणारा करार केला तर त्याचाही खर्च येतो. हा खर्च कंपनी आपल्या नफ्यातून भरते, असे मानणारा भोळा माणूस आम्हांला अजून भेटलेला नाही. २०१९ च्या नियमांत सूक्ष्म कर्जे देणाऱ्या धर्मादाय संस्थांना परदेशी कर्ज केवळ रुपयांतच घेण्याची मुभा होती, म्हणजे चलनाची जोखीम परदेशी सावकारावर राहत होती. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांवर ही अट नव्हती.

रुपयाच्या चढउताराचा भार अखेर कोणावर पडतो, हे बाबासाहेबांनी १९२३ च्या ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’त आणि १९२५ मध्ये हिल्टन-यंग आयोगापुढे मांडले होते. रुपया घसरला की धंदेवाल्याचा फायदा होतो, कारण किमती वाढतात तशी मजुरी वाढत नाही. तो फायदा मजुराच्या खिशातून येतो. आज डॉलरचा कर्जदार धंदेवाला घसरणीने तोट्यात जाऊ शकतो. पण तोटा खाली सरकवायची सोय त्याच्याकडे आहे आणि मजुराकडे ती तेव्हाही नव्हती, आजही नाही.

परक्या भांडवलाची ओळख नगर जिल्ह्याला नवी नाही. हरेगावचा बेलापूर कंपनीचा साखर कारखाना इंग्रजी अमदानीतला. त्यासाठी गेलेल्या जमिनींचा ‘आकारी पडीक’ प्रश्न शंभर वर्षांनंतरही कोर्टात होता. याच हरेगावात डिसेंबर १९३९ मध्ये बाबासाहेबांनी वतनदार महारांची परिषद घेतली. आणि सहकाराचे म्हणाल, तर ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला. ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विमा तरी असतो. कर्ज मागणाऱ्या बाईने जावे कुठे? पतसंस्थेत तिला जामीनदार मिळत नाही, म्हणून ती गटात बसते.

गेल्या वर्षी अशाच काही बाया कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. कंपनीचे नाव इथे लिहीत नाही. वसुलीचा माणूस रात्री आठला ओट्यावर येऊन बसे आणि हप्ता मिळेपर्यंत उठत नसे. रिझर्व्ह बँकेचे मार्च २०२२ चे निर्देश त्या बायांना कोणी सांगितलेच नव्हते. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या आत असेल, तर तारण मागता येत नाही. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी बोलावणे-फोन करणे नाही. ठरलेल्या जागी कर्जदार लागोपाठ दोनदा आला नाही, तरच घरी जायचे. आम्ही एक साधे पत्र पाठवले आणि रात्रीचे येणे थांबले. व्याज मात्र तसेच राहिले. कारण याच निर्देशांनी व्याजावरची कमाल मर्यादा काढून टाकली. व्याज अवाजवी नसावे, एवढेच म्हटले. अवाजवी म्हणजे किती, ते कंपनीचे संचालक मंडळ ठरवणार!

रिझर्व्ह बँक दर महिन्याला बाह्य कर्जांची यादी प्रसिद्ध करते. कोणत्या कंपनीने किती डॉलर, कशासाठी, किती मुदतीचे घेतले ते त्यात असते. ‘पुढे कर्ज देण्यासाठी’ असा हेतू लिहिलेली नावे आपल्या वकील-कार्यकर्त्यांनी काढावीत आणि आपल्या तालुक्यातल्या गटांच्या पासबुकांशी ताडून पाहावीत. कंपनीने कोणत्या व्याजाने पैसे आणले, तो रकाना मात्र त्या यादीत नाही. तो घातला जावा, अशी मागणी आम्ही रिझर्व्ह बँकेकडे लेखी पाठवत आहोत.