फुकटचा राखणदार

येलदरीत सातबारा, पीकविमा, आधार ज्या संगणकावर उघडतं, त्यात फुकटचा अँटीव्हायरस टाकला की केंद्रवाला निर्धास्त. राखणदाराला घरातलं सगळं दिसतं. तो जेवतो कुठं, हे मात्र कुणी विचारत नाही. लोक कोणती संकेतस्थळं पाहतात ही माहिती अवास्टनं जम्पशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकली. २०२०मध्ये ते दुकान बंद झालं, २०२४मध्ये अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलरचा दंड बसला. ‘मग पुण्याचं क्विक हील घ्या, आपलं आहे,’ म्हणतात. घ्या की! पण निव्वळ पुण्याचं म्हणून नको. सख्ख्या भावाला शेत बटईनं देतानाही वाटा आधी ठरतो. इथं केंद्रवाला अटींचं पान न वाचताच ‘मान्य’ दाबतो, आणि माहिती असते रांगेत उभ्या शेतकऱ्याची.